परदेशात घरची फिल्टर कॉफी बिघडतेय? पुढचं पाकीट घ्यायच्या आधी हे तपासून बघा

बेळगावात हल्ली घराआड एक पोर बाहेरदेशी आहे. कोण म्युनिकला शिकतंय, कोण लंडनला नोकरीला, कोण दुबईत, कोण मेलबर्नला, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडे बघितलं तरी तेच. यातल्या ज्यांना घरी फिल्टरची कॉफी प्यायची सवय आहे त्या सगळ्यांची तक्रार ठरलेली, काकू इथं चांगली कॉफीच मिळत नाही हो, किती पाकिटं आणून बघितली, घरच्यासारखी होतच नाही. नवी पोरं गेली की हा प्रश्न परत सुरू होतो म्हणून यावेळी सगळं एका जागी लिहून काढते. लांब होईल, पण घाईत अर्धवट सांगण्यात अर्थ नाही, निवांत वाचा.

आधी एक गैरसमज काढून टाका. बाहेर कॉफी मिळत नाही असं अजिबात नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीतली जवळजवळ ७० टक्के आपल्या कर्नाटकातली, चिक्कमगळूर, कोडगू, हासन इकडची, आणि भारतातल्या कॉफीचा मोठा वाटा बाहेर जातो, इटली त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, जर्मनी आणि बेल्जियमही बरीच उचलतात. तेव्हा तिकडच्या सुपरमार्केटात तुम्ही ज्या फळीसमोर तोंड पाडून उभे असता तिथल्याच एखाद्या इटालियन पाकिटात आपल्या राज्यातलं बी असू शकतं. अडतंय ते पुढं, ते बी भाजतात वेगळं, दळतात वेगळं, त्यात चिकोरी नसते, आणि घरी आणून तुम्ही ती वेगळ्याच पाण्यात आणि वेगळ्याच दुधात करता. यातलं नेमकं काय चुकतंय ते ओळखलं नाही आणि नुसती पाकिटं बदलत बसलात तर पैसे जातात आणि दोष तिथंच राहतो.

म्हणून माझा आग्रह एकच, कपात काय बिघडलंय ते आधी नीट बघा, पातळ आहे, आंबट आहे, कडू आहे, की नुसतीच चव मेलेली आहे, आणि मग एकावेळी एकच गोष्ट बदला. पूड, पाणी, दूध तिन्ही एकदम बदललं तर सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात परत पहिल्यापासून सुरुवात.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून खाली उतरणारा कॉफीचा अर्क, पाण्यासारखं येतं. माझी भाची म्युनिकला आहे, जाताना इथून स्टीलचा फिल्टर, म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, घेऊन गेलेली, तिनं व्हिडिओ कॉल लावून फिल्टर दाखवला, "मावशी, रोज असंच होऊलालंय बघ." मी म्हटलं झाकण काढ, माझ्यासमोर पाणी ओत. तिनं पूड घातली, वरून उकळतं पाणी ओतलं, आणि बघता बघता वरचं भांडं रिकामं. दोन मिनिटं पण लागली नाहीत. खालच्या भांड्यात जे उतरलं त्यातून भांड्याचा तळ स्पष्ट दिसत होता. मग म्हटलं आता पूड चिमटीत घेऊन कॅमेऱ्याजवळ आण. रव्यासारखी जाड पूड. तिथल्या मशीनसाठी, कागदाच्या फिल्टरसाठी दळलेलं ते तयार पाकीट होतं, त्याचं काम कागद करतो, पाणी अडवून धरायचं. आपल्या फिल्टरला कागद नाही, आपल्याकडे पाणी अडवते ती पूडच, त्यामुळे ती बारीक हवी आणि तिच्यात चिकोरी हवी.

दळण किती बारीक हे सांगायला सोपी खूण म्हणजे मोका पॉट. मोका पॉट म्हणजे चुलीवर ठेवायची ती इटालियन आठकोनी किटली, १९३३ पासूनची आहे, तिकडे घरोघरी असते, त्यामुळे कॉफी भाजणाऱ्या कुठल्याही दुकानात जाऊन मोका पॉटसाठी दळून द्या म्हटलं की त्यांना लगेच कळतं. ते दळण आपल्या फिल्टरला बऱ्यापैकी चालतं. एस्प्रेसोसाठी म्हणून सांगितलं तर ते आणखी बारीक देतील आणि मग उलटी अडचण, टपकायचंच बंद. अरबी किंवा तुर्की दुकानातली तयार पूड तर पिठासारखी असते, ती फिल्टरात घालूच नका. घरी मिक्सरवर बिया फिरवायचा मोह होतो पण मिक्सरमध्ये अर्धी पूड धुरळा आणि अर्धी भरड होते, धुरळ्यातून कडूपणा उतरतो आणि भरडीतून आंबटपणा, एकाच कपात दोन्ही. रोज कॉफी करणाऱ्याने एक हाताचा चांगला ग्राइंडर घ्यावा, हा खर्च वाया जात नाही.

आता चिकोरी. याविषयी तिकडे गेल्यावर पोरांना उगाच कमीपणा वाटायला लागतो, कोणीतरी सांगतं की चिकोरी म्हणजे भेसळ, शुद्ध कॉफीच प्यायची असते वगैरे. अहो, चिकोरी हे एका झाडाचं मूळ आहे, वाळवून भाजून दळलेलं, त्यात कॅफिन नसतं, आपल्याकडे गुजरातेत त्याची शेती होते. लपवून घातलं तर ती भेसळ, पाकिटावर प्रमाण छापून विकलं तर तो आपला रिवाज. कायद्याने आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरी किती टक्के ते लेबलवर लिहावं लागतं. आणि चिकोरीचं काम नुसतं स्वस्त करण्याचं नाही, ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे थेंब सावकाश पडतात, डिकॉक्शनला दाटपणा आणि काळसर रंग येतो, आणि एवढं दूध घातल्यावरही कॉफीची चव मागे सरत नाही. ज्यांच्या घरी आयुष्यभर ८०-२० ची, म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरीची, पूड आलीय त्यांना शंभर टक्के कॉफीची पूड दुधात घालून प्यायला दिली तर ती कितीही महागाची असली तरी पोकळच लागणार, यात जिभेचा काही दोष नाही.

माझ्या मते यावर सगळ्यात चांगला उपाय हा, कॉफी तिकडची ताजी घ्या आणि चिकोरी इथून न्या. इथं कॉफी दळून देणाऱ्या दुकानात नुसती चिकोरीची पूड मागितली तर देतात, पाव किलो पुष्कळ झाली. तिकडे गेल्यावर ८० ग्रॅम कॉफीला २० ग्रॅम चिकोरी, वजनाने, चमच्याने नको, आणि एकावेळी आठवड्याला लागेल तेवढीच मिसळा. कडक आवडत असेल तर ७०-३० करा, त्यापुढे गेलं की कॉफी राहत नाही, नुसता गोडसर करपट अर्क होतो. चिकोरी हवेतला ओलावा पटकन ओढते आणि तिचे खडे होतात, तेव्हा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि ओला चमचा घालू नका.

चिकोरी न्यायची राहिलीच तर तिकडेही मिळते. फ्रान्समध्ये, विशेषतः उत्तरेकडे, ती घरोघरी पितात, सुपरमार्केटात दिसते, फक्त पाकीट बघून घ्या, विरघळणारी असेल तर ती फिल्टरात घालायची नाही कारण ती पाण्याबरोबर सरळ खाली जाईल आणि थेंब अडवणार नाही, भाजून दळलेली असेल तीच घ्या. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सकडची चिकोरी घातलेली कॉफी डब्यात मिळते, व्हिएतनामी आणि चिनी किराणा दुकानांत हमखास सापडते, दळण जरा जाडसर असतं पण तातडीला चांगली आहे. दुबईकडच्या पोरांना हा प्रश्नच नाही, तिथं आपल्याकडची चिकोरी घातलेली पाकिटं किराण्यात मिळतात, तिथं तारीख बघायची, त्यावर खाली लिहितेय.

टपकतच नाही, तासभर झाला तरी पूड वरच पाण्यात, ही दुसरी तक्रार. दळण फार बारीक आहे हे पहिलं कारण. दुसरं, वरची दांडीची चकती जोर लावून दाबलेली असते. ती नुसती पुडीवर टेकवायची, पूड सपाट राहावी आणि पाणी पडल्यावर वर उसळू नये एवढ्यासाठीच ती आहे. तिसरं कारण पटकन लक्षात येत नाही, नव्या फिल्टरमध्ये वरचं भांडं खालच्यात इतकं गच्च बसतं की खालची हवा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि हवाच थेंबाला अडवते. वरचं भांडं किंचित फिरवून उचला आणि परत ठेवा, लगेच टपटप सुरू होतं. आणि फिल्टर जुना असेल तर भोकं बुजलेली असतात, कॉफीचं तेल साचून. घरी आपण ते भांडं गॅसच्या जाळावर धरून भोकं मोकळी करतो पण तिकडे बहुतेक फ्लॅटमध्ये जाळ नाहीच, इंडक्शन किंवा काचेची शेगडी. मग गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून भांडं रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, उजेडाकडे धरून एकेक भोक बघा आणि जे बंद दिसेल त्यात सुई घाला.

प्रमाण सांगते, कारण "थोडी पूड, थोडं पाणी" सांगून कोणाचं भलं होत नाही. ३० ग्रॅम पूड आणि १५० मिली पाणी, यातलं निम्म्याच्या जरा कमी पाणी पूड पिऊन टाकते आणि ९० मिलीच्या आसपास डिकॉक्शन हाती येतं, दोन मोठ्या किंवा तीन लहान पेल्यांचं. थंडीच्या देशात आधी रिकामा फिल्टर उकळत्या पाण्याने धुऊन गरम करा, हे विसरू नका, जानेवारीत तिकडच्या स्वयंपाकघरात धातूचं भांडं इतकं गार असतं की ओतल्या ओतल्या पाण्याचा जोर निघून जातो आणि अर्क पुरता उतरत नाही. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबा, मग आधी दोन-तीन चमचे पाणी सगळीकडून घालून पूड नुसती भिजवा, ती फुगेल, वर बुडबुडे येतील, अर्ध्या मिनिटाने बाकीचं पाणी चकतीवरून हळूहळू सोडा, झाकण लावा आणि हात लावू नका. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक सगळं उतरलं म्हणजे दळण जमलं. पाच मिनिटांत उतरलं तर जाड, पाऊण तास लागला तर बारीक. जमलेलं डिकॉक्शन ओळखायचं कसं, भांडं तिरकं करून परत सरळ केलं की कडेला काकवीसारखा तपकिरी पापुद्रा क्षणभर चिकटून राहतो आणि मग हळूच खाली येतो. तो पापुद्रा दिसला की पुढचं सगळं सोपं.

आंबट लागते ही तक्रार लंडन, बर्लिन, मेलबर्न आणि नॉर्वे-स्वीडनकडच्या पोरांची जास्त. तिथल्या हौशी कॉफीच्या दुकानांत हल्ली बी फिक्कं भाजतात, फळाचा, फुलाचा वास राहावा म्हणून, आणि ते बिनदुधाचं प्यायला खरंच छान असतं, त्यांचं चुकतं असं माझं म्हणणं नाही. पण त्यात भरपूर दूध आणि साखर पडली की ती फळाची आंबटाई दुधाशी भांडते आणि ताकात कॉफी घातल्यासारखं लागतं. पिशवीवर काय लिहिलंय ते वाचा, बेरी, लिंबू, चमेली, जर्दाळू असं काही असेल तर ती परत फळीवर ठेवा. चॉकलेट, बदाम, अक्रोड, कॅरमेल लिहिलं असेल ती आपली. आणि "फिल्टर रोस्ट" लिहिलेलं बघून हुरळून जाऊ नका, ते कागदाच्या फिल्टरसाठी फिक्कं भाजलेलं असतं, आपल्याला त्याच दुकानातली एस्प्रेसोसाठी भाजलेली बी घ्यायची आणि दळण मोका पॉटचं सांगायचं. भाजणी मध्यम ते मध्यम-गडद, बी वरून चॉकलेटच्या रंगाचं आणि जेमतेम तेलाची चमक. काळंकुट्ट आणि तेलाने निथळणारं बी पण नको, ते करपलेलं असतं.

अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. पाकिटावर शंभर टक्के अरेबिका असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि आपल्याला वाटतं तेच भारी. दुधाच्या कॉफीसाठी थोडी रोबस्टा असलेली बरी, दाटपणा येतो, कडकपणा येतो, आपल्याकडच्या कितीतरी मिश्रणांत ती असतेच. म्हणून तिकडे गेलेल्यांना मी नेहमी सांगते, दारातल्या सुपरमार्केटात आधी इटालियन पद्धतीची, अरेबिका-रोबस्टा मिश्र असलेली अख्ख्या बियांची पिशवी घेऊन बघा, महागड्या छोट्या दुकानात जायच्या आधी. निम्म्या जणांचा प्रश्न तिथंच सुटतो. ज्यांना आपलीच पाहिजे त्यांनी पिशवीवर चिक्कमगळूर, बाबाबुडनगिरी, कूर्ग ही नावं शोधावीत, या तिन्ही ठिकाणच्या अरेबिकाला २०१९ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाची खास म्हणून सरकारी नोंद, मिळालंय. मान्सून्ड मलबार पण दिसते बऱ्याच देशांत, पावसाळ्यातल्या दमट वाऱ्यावर बी मुद्दाम फुगवून केलेली, आंबटपणा अगदी कमी, अंगाने दाट, दुधाला फार चांगली. मला स्वतःला बाहेर मिळणाऱ्यांत हीच सगळ्यात आवडते, २० टक्के चिकोरी घालून.

कडू लागते याची कारणं थोडक्यात, भाजणी करपलेली, दळण बारीक, किंवा डिकॉक्शन परत उकळलेलं. शेवटचं सगळ्यात जास्त होतं. डिकॉक्शन चुलीवर ठेवायचंच नाही, दूध कडकडीत तापवायचं आणि डिकॉक्शनवर ओतायचं.

चव मेलेली, सपाट, वास येतो पण पिताना काहीच नाही, असं झालं तर पाण्याकडे बघा. हे कोणाच्या लक्षात येत नाही. पाण्यात चुना जास्त असला, म्हणजे हार्ड वॉटर, तर त्यातले बायकार्बोनेट कॉफीतली बारीक आंबटाई मारून टाकतात आणि तीच तर चवीला उठाव देते. लंडनचं पाणी हार्ड, म्युनिकचं हार्ड, ग्लासगोचं आणि मेलबर्नचं मऊ. त्यामुळे एकच पाकीट दोन भावंडांनी घेतलं, एक लंडनला आणि एक ग्लासगोला, तरी चव दोन तऱ्हेची होणार, आणि दोघंही आपापल्या जागी खरं सांगत असतील. बेळगावात राहून हे कळत नाही कारण नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, त्यावरच आपली जीभ घडलेली, पण ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे त्यांना विचारा, नळाच्या आणि बोअरच्या कॉफीतला फरक ते लगेच सांगतील. तिकडे ओळखायची खूण म्हणजे किटली. आत पांढरा थर धरत असेल तर पाणी हार्ड.

उपाय फुकटापासून सुरू करा. पाणी पाच मिनिटं उकळा, झाकून गार होऊ द्या, तळाशी पांढरी कणी बसते, वरचं पाणी निथळून घ्या आणि तेच परत तापवून कॉफीला वापरा, उकळल्याने चुन्याचा बराच भाग खाली बसतो. फरक जाणवला तर दोष पाण्यातच आहे हे पक्कं, मग जगवाला फिल्टर घ्या, त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदला. बाटलीचं पाणी घेणार असाल तर लेबलवर हायड्रोजन कार्बोनेटचा आकडा बघा, जितका कमी तितकं कॉफीला बरं. आणि पाणी मऊ असलेल्या गावात उलट होतं, फिक्की भाजलेली कॉफी तिथं जास्तच आंबट लागते, तेव्हा तिथं भाजणी गडदकडे न्या.

दुधावर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण कपातला मोठा भाग दूधच असतं आणि पोरं दोष कॉफीला देतात. आपल्याकडे म्हशीचं दूध, सहा-सात टक्के फॅट, तापवून आटवून साय धरलेलं. तिकडे फ्रिजमधलं होल मिल्क म्हणजे साडेतीन-चार टक्के, आणि बरेच जण तर अर्ध्या फॅटचं आणतात, स्वस्त दिसलं म्हणून नाहीतर डाएट म्हणून. इंग्लंडात झाकणाचा रंग बघा, निळं झाकण होल मिल्क, हिरवं अर्ध्या फॅटचं, लाल बिनफॅटचं, कॉफीला निळंच. जर्मनीत खोक्यातलं, फ्रिजच्या बाहेर रचून ठेवलेलं एच-मिल्श आणू नका, ते फार तापमानाला नेऊन टिकाऊ केलेलं असतं, त्याला शिजल्याचा वास येतो आणि तो कॉफीत उतरतो, फ्रिजमधलं फ्रिशमिल्श, म्हणजे ताजं दूध घ्या, फोलमिल्श, म्हणजे होल मिल्क लिहिलेलं. अमेरिकेत होल मिल्कमध्ये चमचा-दोन चमचे हाफ अँड हाफ, म्हणजे निम्मं दूध निम्मं क्रीम, घाला. आणि कुठलंही आणलं तरी ते मायक्रोवेव्हमध्ये कोमट करून वापरू नका, पातेल्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत आटवा, थोडं पाणी उडालं की दुधाला गोडी येते. इंडक्शनवर दूध पटकन लागतं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, इथून नेलेलं ॲल्युमिनियमचं तिथं तापणारच नाही.

दूध फाटतंय अशीही तक्रार येते. ओटचं, बदामाचं, सोयाचं दूध वापरणाऱ्यांचं हे होतं, आंबट फिक्की कॉफी आणि वरून कडक गरम, मग ते फुटतं. दूध चालत नाही म्हणून ते घेत असाल तर पाकिटावर बरिस्टा लिहिलेलं घ्या आणि कॉफी गडद भाजणीची. साध्या दुधाचं फाटलं तर दूधच जुनं झालंय, दुसरं काही नाही.

डिकॉक्शन एक भाग, दूध तीन भाग, इथून सुरुवात करा आणि मग जिभेप्रमाणे.

पहिल्या महिन्यात घरच्यासारखी व्हायची आणि आता होत नाही, हे ज्यांनी इथून पूड भरून नेली त्यांचं. आईची माया मी समजू शकते, दोन किलो पूड दळून पिशवीत कोंबून देतात, पण दळलेल्या कॉफीचा वास उघड्यावर काही दिवसांतच उतरायला लागतो आणि दोन महिन्यांनी ती नुसती तपकिरी पूड उरते. पूड दिलीच तर शंभर-शंभर ग्रॅमची हवाबंद पाकिटं करून द्या, पोरांनी एक बाहेर ठेवायचं आणि बाकीची फ्रीजरमध्ये, काढलं की पाकीट पूर्ण नेहमीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मगच फोडायचं, नाहीतर आत दव धरतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कांद्या-लसणाशेजारी अजिबात नाही. अख्ख्या बिया जास्त टिकतात, भाजल्यापासून महिना-दीड महिना चांगल्या, म्हणून पाकिटावर वापरायची शेवटची तारीख बघण्यापेक्षा भाजल्याची तारीख बघा, ती लिहिलेलीच नसेल तर बहुतेक जुना माल. दुबईकडच्यांनी तर हे नक्की बघा, किराण्यातली पाकिटं गोदामात किती दिवस उन्हाळा खाऊन आलीत काही सांगता येत नाही.

न्यायचंच तर नियमांचं थोडं सांगते. भाजलेली कॉफी आणि चिकोरी युरोपात नेता येते, पण कुंदा नेऊ नका बाबांनो, दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशातून युरोपियन युनियनमध्ये सामानातून नेता येत नाहीत आणि विमानतळावर तो कचऱ्यात जाताना बघवत नाही. ऑस्ट्रेलियात भाजलेली कॉफी चालते, फॉर्मवर लिहून दाखवायची, कच्चं बी मात्र नेऊ नका. अमेरिकेला जाताना पूड हातातल्या बॅगेत नको, ३५० मिलीपेक्षा जास्त पूड दिसली की वेगळी तपासणी करतात, मोठ्या बॅगेत टाका. आणि जर्मनीत पोस्टाने पार्सल पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, तिथं कॉफीवर वेगळा कर आहे, भाजलेल्या कॉफीला किलोमागे २.१९ युरो, पोराला तो भरायला लागू शकतो आणि वर कस्टमच्या ऑफिसात खेपा.

फिल्टरच नेला नसेल तर मोका पॉट घ्या, दुसरं काही घेऊ नका. कॅप्सूलचं मशीन भाड्याच्या घरात आयतं असतं पण त्यात आपली पूड आणि चिकोरी घालता येत नाही. मोका पॉटचं डिकॉक्शन फिल्टरपेक्षा जरा उग्र पण दुधात छान उभं राहतं. इंडक्शन असेल तर स्टीलचाच घ्या. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेलं पाणी वाफेच्या झडपेच्या खालपर्यंत भरा, पूड दाबायची नाही, चिकोरी दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही कारण इथं पाणी वाफेच्या जोरावर वर चढतं आणि जास्त चिकोरी ते अडवून धरते. आच मंद, झाकण उघडं ठेवून बघत राहा, तपकिरी धार संथपणे वर येते, मग तिचा रंग फिका पिवळसर व्हायला लागतो आणि फुरफुर आवाज सुरू होतो, त्या आवाजाच्या आधी उतरवायचं आणि बुड नळाखाली गार पाण्यात धरायचं. फुरफुर झाल्यावर जे वर येतं तो नुसता कडूपणा.

सकाळी ऑफिसची घाई असेल तर रात्री झोपताना फिल्टर लावून ठेवला तरी चालतो, डिकॉक्शन सकाळपर्यंत व्यवस्थित राहतं. उरलं तर काचेच्या झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. ते गार डिकॉक्शन गरम करायचं झालं तर बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात पाच मिनिटं उभी करा, तोवर दूध आटतंच.